आकड्यांचे गट पाडताना : सीमेवरील संख्या आणि संगणकाची सवय

प्रशासनात आकड्यांवाचून पान हलत नाही. शाळेचा निकाल असो, गावाची लोकसंख्या असो, पावसाची नोंद असो वा खातेदाराचे क्षेत्र असो, माहिती प्रथम एकेका संख्येच्या रूपाने गोळा होते. परंतु चाळीस हजार खातेदारांची चाळीस हजार क्षेत्रे वाचून कोणालाच काही उमगत नाही. ती अत्यल्प, अल्प, मध्यम अशा गटांत मांडली म्हणजे तालुक्याचे चित्र डोळ्यांसमोर येते. शालेय गणितात या गटांना आपण वर्ग म्हणतो, त्यांच्या टोकांना वर्गमर्यादा म्हणतो आणि प्रत्येक वर्गात किती संख्या पडल्या त्याला वारंवारता म्हणतो. पूर्वी हे काम ताळेबंद वहीत ताळ्याच्या रेघा ओढून होत असे. आता ते संगणक करतो. काम क्षणार्धात होते हे खरे. मात्र वहीत रेघ ओढणारा कारकून जेथे थबकून विचारीत असे, तेथे संगणक थबकत नाही. बरोबर सीमेवर असलेली संख्या कोणत्या गटात घालावयाची, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

संख्याशास्त्रीय कामासाठी आज जगभर वापरल्या जाणाऱ्या संगणकभाषांपैकी ‘आर’ ही एक प्रमुख भाषा आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन अध्यापकांनी ती रचली व १९९३ मध्ये ती प्रथम लोकांपुढे आली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ पासून विकसित झालेल्या ‘एस’ या भाषेच्या धर्तीवर ती बेतलेली आहे. तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य मिळते, ही गोष्ट शाळा व पंचायतींच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची. सातबारावरील ‘आर’शी, म्हणजे शंभर चौरस मीटर क्षेत्राशी, या नावाचा काही संबंध नाही, पुढे मात्र दोन्ही ‘आर’ एकाच परिच्छेदात येणार आहेत, म्हणून एवढा खुलासा. या भाषेतील आज्ञा संगणकावर रोमन लिपीतच द्याव्या लागतात. येथे त्यांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

गट पाडण्याच्या आज्ञेचे नाव ‘कट’ असे आहे. तिला तीन गोष्टी सांगावयाच्या असतात : कोणत्या संख्यांचे गट पाडावयाचे, कोणत्या ठिकाणी छेद घ्यावयाचे आणि गटांना कोणती नावे द्यावयाची. छेदांना ‘ब्रेक्स’ व नावांना ‘लेबल्स’ म्हणतात. पाच गट हवे असतील तर छेद सहा लागतात. कुंपणाच्या पाच गाळ्यांना सहा खांब लागावेत तसे. नावांची संख्या चुकली तर संगणक काम नाकारतो. नावांचा क्रम चुकला तर मात्र तो अवाक्षरही काढीत नाही.

पस्तीस गुणांचा विद्यार्थी

माध्यमिक शालान्त परीक्षेच्या श्रेणी शिक्षकांना पाठ असतात. ७५ टक्के व अधिक म्हणजे विशेष प्रावीण्य, ६० व अधिक म्हणजे प्रथम श्रेणी, ४५ व अधिक म्हणजे द्वितीय श्रेणी आणि ३५ व अधिक म्हणजे उत्तीर्ण. विषयवार उत्तीर्णतेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. एखाद्या शिक्षकाने ०, ३५, ४५, ६०, ७५ आणि १०० असे सहा छेद दिले, ‘अनुत्तीर्ण’पासून ‘विशेष प्रावीण्य’पर्यंत पाच नावे दिली आणि आज्ञा सोडली. सारणी तयार झाली. पाहणाऱ्याला तीत काहीच खटकणार नाही. परंतु ज्या मुलाला बरोबर ३५ गुण मिळाले, तो या सारणीत अनुत्तीर्ण ठरलेला असेल. बरोबर ६० गुणांची मुलगी द्वितीय श्रेणीत गेलेली असेल. आणि ज्याला शून्य मिळाले तो विद्यार्थी कोणत्याच गटात नसेल.

याचे कारण साधे आहे. दुसरे काही सांगितले नाही तर ‘कट’ ही आज्ञा प्रत्येक गटाचे वरचे टोक त्याच गटात धरते आणि खालचे टोक वगळते. म्हणजे ३५ ते ४५ या गटात ४५ येतात, ३५ येत नाहीत. ३५ हे खालच्या गटाचे वरचे टोक म्हणून तिकडे जातात. शून्याच्या खाली गटच नसल्याने शून्य उघड्यावर पडते. आपली शालेय पाठ्यपुस्तके नेमकी उलट रीत शिकवितात. ०-१०, १०-२० असे अखंडित वर्ग असतील तर १० ही संख्या १०-२० या वर्गात घ्यावयाची, वरची मर्यादा वर्गात धरावयाची नाही, ही असमावेशक पद्धती नववीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. दोन्ही रीती आपापल्या ठिकाणी शास्त्रशुद्ध आहेत. अडचण एवढीच की वापरणारा एक रीत मनात धरून बसतो आणि यंत्र दुसरी वापरते.

उपायही साधाच आहे. आज्ञेत ‘राइट’ नावाची एक कळ आहे. ती मुळात ‘ट्रू’, म्हणजे चालू, असते. तिला ‘फॉल्स’ केले की खालचे टोक गटात येते व वरचे वगळले जाते. ३५ उत्तीर्ण होतात, ६० प्रथम श्रेणीत जातात. मात्र आता दुसऱ्या टोकाला तीच गंमत होते : १०० पैकी १०० मिळविणारा विद्यार्थी सारणीतून नाहीसा होतो, कारण १०० हे शेवटच्या गटाचे वगळलेले टोक असते. त्यासाठी ‘इन्क्लूड डॉट लोएस्ट’ ही आणखी एक कळ चालू करावी लागते. तिच्या नावाचा अर्थ ‘सर्वांत लहान संख्या धरा’ असा असला, तरी ‘राइट’ बंद असताना ती सर्वांत मोठी संख्या धरते. नाव ठेवणाऱ्याने येथे थोडी दया दाखविली असती तर बरे झाले असते. याहून सोपा मार्ग म्हणजे शेवटचा छेद १०० न देता १०१ द्यावा, किंवा ‘इन्फ’ म्हणजे अनंत असा द्यावा.

दृष्टीआड झालेली बालके

गटाबाहेर पडलेल्या संख्येला आर भाषा ‘एनए’ अशी खूण करते. ‘माहिती उपलब्ध नाही’ असा तिचा अर्थ. खूण होते ही जमेची बाजू. पण मोजणीची ‘टेबल’ ही आज्ञा अशा खुणा मुळातच मोजीत नाही. त्यामुळे सारणीत त्यांचा मागमूस राहत नाही. त्या दाखवा असे ‘यूज-एनए’ या कळीने मुद्दाम सांगावे लागते.

यातून काय घडू शकते ते वयोगटांच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. जनगणनेत वय पूर्ण झालेल्या वर्षांत नोंदविले जाते. म्हणून वर्ष न भरलेल्या बालकाचे वय शून्य लिहिले जाते. आता ०, ६, १४, १८, ५९ आणि अनंत असे छेद देऊन नेहमीच्या सवयीने आज्ञा दिली, तर पहिल्या गटात १ ते ६ वर्षांची मुले येतील. ६ वर्षांचे मूल त्यात हवेच होते, ते आले. परंतु गावातील वर्षाच्या आतील प्रत्येक बालक गळाले. शून्य ते सहा या वयोगटावर मुलींचे बालकांतील प्रमाण काढले जाते. साक्षरतेचे प्रमाण सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येवर काढतात. एकूण लोकसंख्येतून हा तुटका गट वजा करून कोणी सात वर्षांवरील लोकसंख्या काढली, तर पाळण्यातील मुले निरक्षरांत जमा होतील आणि गावाची साक्षरता विनाकारण खाली दिसेल. येथे ‘राइट’ बंद करून भागत नाही, कारण मग ६ वर्षांची मुले पुढच्या गटात जातात. पहिला छेद शून्याऐवजी उणे एक द्यावा, अथवा ‘राइट’ बंद करून छेद ०, ७, १५, १९, ६० आणि अनंत असे घ्यावेत. पूर्ण संख्यांच्या बाबतीत दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी पोहोचतात.

दोन हेक्टरांची रेघ

आतापर्यंतची उदाहरणे सारणीपुरती होती. भूधारणेच्या गटांवर मात्र माणसांचे व्यवहार अवलंबून असतात.

आपल्या देशात १९७०-७१ पासून दर पाच वर्षांनी कृषी गणना घेण्याची प्रथा आहे. तिच्या व्याख्येप्रमाणे १ हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राचे खाते अत्यल्प, १ ते २ हेक्टर अल्प, २ ते ४ अर्ध-मध्यम, ४ ते १० मध्यम आणि १० हेक्टर व त्यावरील मोठे. यात खालचे टोक गटात आहे, वरचे नाही. म्हणजे बरोबर २ हेक्टर वहितीचा खातेदार कृषी गणनेत अल्प नसून अर्ध-मध्यम आहे. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातील वहिती खात्याचे सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरांवर आले. देशपातळीवर त्या गणनेत सुमारे ८६ टक्के खाती २ हेक्टरांच्या आतील होती व त्यांच्याकडे वहितीखालील सुमारे ४७ टक्के क्षेत्र होते. खाती जसजशी लहान होत गेली, तसतशी १ व २ हेक्टरांच्या रेघांच्या आसपास दाटी वाढत गेली. रेघेवर किती जण उभे आहेत हा प्रश्न म्हणूनच १९७१ पेक्षा आज अधिक मोलाचा आहे.

आता २००८ ची केंद्र शासनाची कृषी कर्जमाफी व कर्जसवलत योजना पाहू. तीत १ हेक्टरपर्यंत जमीन असणारा तो अत्यल्प भूधारक आणि १ हेक्टरपेक्षा जास्त व २ हेक्टरपर्यंत जमीन असणारा तो अल्प भूधारक, अशी व्याख्या होती. येथे वरचे टोक गटात आहे. या दोन्ही गटांना पात्र थकबाकीची पूर्ण माफी होती. २ हेक्टरपेक्षा जास्त जमीन असणारा ‘इतर शेतकरी’ गणला गेला; त्याने ७५ टक्के रक्कम भरली तर २५ टक्क्यांची सवलत मिळावयाची, आणि काही ठरावीक जिल्ह्यांत ही सवलत किमान वीस हजार रुपये होती. विदर्भातील कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्यांची जमीन अनेकदा दोन हेक्टरांहून अधिक असते, पण उत्पन्न तेवढे नसते. म्हणून या अटीवर त्या काळी बरीच टीका झाली. ती टीका रेघ कोठे ओढावी याविषयीची होती व तिचा निर्णय धोरणाच्या क्षेत्रातला आहे. रेघ एकदा ओढली गेल्यावर तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाला कोणत्या बाजूला धरावयाचे, हे मात्र योजनेच्या शब्दांनीच ठरते आणि ते शब्द आज्ञेत उतरविण्याची जबाबदारी सारणी करणाऱ्याची असते. बरोबर २ हेक्टरांचा हाच खातेदार कृषी गणनेत एका गटात आणि कर्जमाफीच्या यादीत दुसऱ्या गटात आहे. दोन्ही ठिकाणी त्याला ‘अल्प भूधारक’ या एकाच नावाच्या कसोटीने मोजावयाचे असते, ही त्यातील खरी मेख. गणनेसाठी ‘राइट’ बंद हवे, कर्जमाफीसाठी चालू. एका कामासाठी लिहिलेली आज्ञा दुसऱ्या कामासाठी उचलून वापरली, तर सीमेवरचा प्रत्येक खातेदार चुकीच्या बाजूला जाईल. २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेतही प्रारंभी २ हेक्टरपर्यंतचीच अट होती. त्याच वर्षी जून महिन्यात ती काढून टाकण्यात आली.

एकरांचा हिशेब यात आणखी भर घालतो. २००८ च्या योजनेत २ हेक्टरांपुढे कंसात ५ एकर असे लिहिलेले होते. काटेकोर रूपांतर केले तर ५ एकर म्हणजे २.०२३ हेक्टर होतात. सातबारावर २ हेक्टर २ आर क्षेत्र असलेला शेतकरी एकरांच्या मापाने आत आणि हेक्टरांच्या मापाने बाहेर राहतो. कोणते माप प्रमाण मानावयाचे हे छेद देण्यापूर्वी लेखी ठरलेले असावे.

आणखी एक बारीक गोष्ट. एका खातेदाराचे तीन तुकडे आहेत : ७० आर, २० आर आणि १० आर. बेरीज शंभर आर, म्हणजे १ हेक्टर. हेच क्षेत्र हेक्टरांत ०.७, ०.२ व ०.१ असे लिहून आर भाषेत अधिक चिन्हाने याच क्रमाने मिळविले, तर येणारी बेरीज १ पेक्षा किंचित कमी भरते. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवितो व त्यात असे अपूर्णांक नेमके बसत नाहीत, म्हणून असे होते. पडद्यावर १ असेच दिसते, पण गट पाडताना खाते अल्पऐवजी अत्यल्प गटात जाते. यावर तलाठी दप्तराची जुनी रीतच उपयोगी पडते : क्षेत्र हेक्टरांत न लिहिता पूर्ण आरांत लिहावे आणि छेद १००, २००, ४००, १००० असे द्यावेत. पूर्ण संख्यांच्या बेरजेत ही गडबड होत नाही.

सर्वच नियम एका बाजूचे नसतात

वरील उदाहरणांवरून ‘राइट’ ही कळ नेहमी बंदच ठेवावी असा समज होऊ नये. ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते हे पंचायत सदस्यांना ठाऊक आहे. ६०० ते १५०० लोकसंख्येस ७ सदस्य, १५०१ ते ३००० ला ९, ३००१ ते ४५०० ला ११, ४५०१ ते ६००० ला १३, ६००१ ते ७५०० ला १५ आणि ७५०१ पासून पुढे १७. येथे वरचे टोक गटात आहे. १५०० लोकसंख्येच्या गावास सातच सदस्य मिळतात. या कामाला संगणकाची मूळ सवय जशीच्या तशी चालते. ‘राइट’ बंद केले तर मात्र त्या गावाला दोन सदस्य फुकटचे मिळतील.

पिकांच्या पैसेवारीचेही असेच पाहावे. वर्षानुवर्षे टंचाईच्या उपाययोजनांसाठी ‘५० पैशांपेक्षा कमी’ अशी कसोटी गावोगाव सर्वांच्या तोंडी आहे. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने दुष्काळ ठरविण्यासाठी पाऊस, पिके, ओलावा अशा अनेक निर्देशकांची पद्धत आणली. ‘पेक्षा कमी’ म्हटल्यावर बरोबर ५० पैशांचे गाव वरच्या गटात जाते आणि त्यासाठी कळ बंद हवी. अंगणवाडीतील दंडघेराचे मापही त्याच जातीचे आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम कुपोषित मानले जाते. बरोबर ११.५ माप आलेले बालक मध्यम गटातले आहे. अर्थात अशा बालकाचे माप पुन्हा एकदा घ्यावे हे कोणत्याही कळीपेक्षा शहाणपणाचे.

शासकीय भाषेत ‘पर्यंत’, ‘पेक्षा कमी’, ‘पेक्षा जास्त’, ‘व अधिक’ आणि ‘ते’ असे पाच शब्दप्रयोग येतात. पहिल्या चारांचा अर्थ निःसंदिग्ध आहे. ‘ते’ मात्र सीमेविषयी काहीच सांगत नाही, आणि दुर्दैवाने सर्वाधिक वापर त्याचाच होतो.

पावसाचे मोजमाप मिलिमीटरच्या दशांशापर्यंत होते. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांतील १५.६ ते ६४.४ मि.मी. हा मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार व त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस होय. दोन गटांच्या मध्ये येथे फट ठेवलेली आहे, म्हणून छेद ६४.४५, ११५.५५ आणि २०४.४५ असे फटीतच घेतले तर ‘राइट’ चालू असो वा बंद, निकाल बदलत नाही. सर्वांत निर्धोक मार्ग हाच. मात्र नावे आपण दिली नाहीत तर संगणक छेदांवरून नावे तयार करतो आणि ती करताना सहसा तीनच सार्थ अंक दाखवितो. मग ११५.५५ च्या जागी ११६ आणि २०४.४५ च्या जागी २०४ छापले जाते. गट बरोबर आणि शीर्षक चुकीचे, अशी ही अवस्था. नावे स्वतः द्यावीत हे उत्तम.

छेद न देता ‘पाच गट पाड’ एवढेच सांगितले, तरी ‘कट’ काम करते. ती सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या संख्येमधील अंतराचे पाच समान भाग करते आणि दोन्ही टोके किंचित बाहेर सरकवते. भूधारणेसाठी ही सोय निरुपयोगी आहे. तालुक्यात एकच खाते ४० हेक्टरांचे असेल तर प्रत्येक गट सुमारे ८ हेक्टरांचा होतो आणि जवळजवळ सारा तालुका पहिल्या गटात कोंबला जातो.

प्रत्यक्ष कामाची रीत फार वेळ घेणारी नाही. आज्ञा लिहिल्यावर खरी माहिती देण्यापूर्वी तिला सीमेवरच्या मोजक्या संख्या द्याव्यात. गुणांसाठी ०, ३४, ३५, ४५, ६०, ७५ आणि १०० या सात पुरेत. प्रत्येकीला मिळालेले नाव शासन निर्णयाच्या शब्दांशी पडताळावे. नंतर सर्व गटांची बेरीज मूळ नोंदींच्या संख्येइतकी येते की नाही हा ताळा घ्यावा. एकाचाही फरक पडला तर ‘एनए’ शोधावेत. सारणीच्या शीर्षकात ‘१-२ हेक्टर’ असे न लिहिता ‘१ हेक्टर व अधिक, परंतु २ हेक्टरपेक्षा कमी’ असे लांबलचक लिहावे लागले तरी संकोच करू नये.

गट पाडल्यावर मूळ क्षेत्राचा रकाना पुसून टाकण्याची घाई मात्र कोणी करू नये. गटाच्या नावावरून क्षेत्र परत मिळत नाही. आर भाषेत गटांच्या रकान्याला ‘संख्या कर’ असे सांगितले, तर ती हेक्टर देत नाही. पहिल्या गटाला १, दुसऱ्याला २, असे क्रमांक देते आणि त्या क्रमांकांची सरासरीही बिनदिक्कत काढून दाखविते. एका तालुक्याने २ हेक्टरांवर छेद घेतला व दुसऱ्याने ५ एकरांवर, तर त्यांच्या तयार सारण्या जिल्ह्याला एकत्र करता येत नाहीत. म्हणून जिल्हा कार्यालयाने तालुक्याकडून सारणी मागविताना तिच्यासोबत आरांतील मूळ क्षेत्राचा रकानाही मागवावा आणि छेद एकाच ठिकाणी, एकाच आज्ञेने घ्यावेत.